टिळकांवरचे खटले हायकोर्टात गाजले, पण त्यांची सुरुवात खालच्या कोर्टात झाली होती

लोकमान्य टिळकांवरचा खटला म्हटलं की डोळ्यासमोर 1908 चं मुंबई हायकोर्ट येतं. न्यायमूर्ती दावर, ज्युरी, स्वतःच स्वतःची बाजू मांडणारे टिळक, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि नंतर मंडाले. शाळेच्या पुस्तकापासून सिनेमापर्यंत हेच सांगितलं गेलंय.

पण हायकोर्टात उभं राहण्याच्या 18 दिवस आधी टिळक आणखी एका कोर्टात उभे होते. ते कोर्ट होतं मॅजिस्ट्रेटचं. तिथे त्यांना जामीन मिळाला नाही आणि तिथूनच त्यांची केस वर पाठवली गेली.

हे फक्त 1908 मध्येच झालं असं नाही. 1882 पासून 1916 पर्यंत टिळकांवर पाच मोठ्या कारवाया झाल्या आणि पाचही वेळा पहिली पायरी खालच्या कोर्टाचीच होती. गंमत म्हणजे कोर्टाचं दार उघडण्याची पद्धत जवळपास दर वेळी वेगळी होती. म्हणून टिळकांचं आयुष्य या बाजूने पाहिलं, तर फौजदारी केस नेमकी सुरू कशी होते हेही कळून जातं.

आधी ही पद्धत आली कुठून ते बघू

इंग्लंडमध्ये एक जुना नियम आहे. गुन्हा किरकोळ असो नाहीतर खुनाचा, केसची सुरुवात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातच होते. किरकोळ असेल तर तिथेच निकाल लागतो. गंभीर असेल तर मॅजिस्ट्रेट ती वरच्या कोर्टाकडे पाठवतो. गावोगावी 'जस्टिस ऑफ द पीस' नेमायची तिकडची परंपरा थेट 1361 च्या कायद्यापर्यंत मागे जाते.

पूर्वी गंभीर केस वर पाठवण्याआधी मॅजिस्ट्रेट स्वतः प्राथमिक चौकशी करायचा. साक्षीदार तपासायचा, कागद बघायचा आणि दम वाटला तरच आरोपीला वरच्या कोर्टाच्या हवाली करायचा. याला 'कमिट' करणं म्हणत.

इंग्रजांनी हीच चौकट भारतात आणली. 1861 मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली, मग 1872, 1882 आणि 1898 मध्ये ती नव्याने लिहिली गेली. पण इथे एक मोठा फरक होता. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट बसायचे. गंभीर केस ते थेट हायकोर्टाच्या सेशन्सकडे पाठवायचे आणि तिथे ज्युरीसमोर खटला चालायचा.

शहराबाहेर चित्र वेगळं होतं. आजच्या वसई-विरारचं उदाहरण घ्या. तेव्हा वसई हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. अशा तालुक्यांत मामलेदाराकडे मॅजिस्ट्रेटचेही अधिकार असायचे. म्हणजे सारा वसूल करणारा आणि आरोपीला शिक्षा सुनावणारा माणूस एकच असू शकायचा. जिल्ह्याला कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण 1916 मध्ये टिळकांची गाठ याच व्यवस्थेशी पडणार होती.

पहिलं दार : खासगी फिर्याद, 1882

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा, रत्नागिरीचा. पुण्यात डेक्कन कॉलेजमधून बी. ए. झाल्यावर 1879 मध्ये ते एलएल. बी. झाले. वकिली केली नाही. चिपळूणकर, आगरकर यांच्यासोबत 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि 1881 च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं सुरू केली.

वर्षभरातच पहिली केस अंगावर आली. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होतोय, असा बोभाटा तेव्हा होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर आणि त्यांच्या नावाची म्हणून काही पत्रं या वृत्तपत्रांत छापून आली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली.

इथे पोलीस नव्हते, सरकारही नव्हतं. ज्याची अब्रू गेली त्यानेच कोर्टात जाऊन तक्रार केली. अशा केसमध्ये मॅजिस्ट्रेट आधी तक्रार ऐकतो, त्यात तथ्य वाटलं तर समोरच्याला बोलावतो. अब्रुनुकसानीची फौजदारी केस आजही साधारण अशीच सुरू होते.

केस उभी राहिली की पहिला प्रश्न असतो जामिनाचा. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीतले शिक्षक. त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो पुण्याच्या रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी, आणि त्यांना पुढे केलं होतं महात्मा जोतीराव फुल्यांनी. सामाजिक प्रश्नांवर फुले आणि टिळक पुढे दोन टोकांना उभे राहिले, पण या वेळी फुले टिळकांच्या मदतीला आले होते.

ज्या पत्रांवर सगळी भिस्त होती ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी हायकोर्टात ते दोषी ठरले आणि चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. आगरकरांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही हा 101 चा आकडा आहे. ऑक्टोबर 1882 मध्ये ते सुटले तेव्हा स्वागताला गर्दी लोटली होती.

दुसरं दार : सरकारची मंजुरी, 1897

1897 साली पुण्यात प्लेगची साथ होती. घरोघरी झडत्या घेणाऱ्या सोल्जरांमुळे लोक संतापले होते. 22 जूनला दामोदर चापेकर आणि त्यांच्या साथीदारांनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच्या आठवडाभर आधी, 15 जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता छापून आली होती. सरकारने या दोन गोष्टींची सांगड घातली.

कलम लावलं 124 अ, म्हणजे राजद्रोह. हे कलम 1870 मध्ये दंड संहितेत घातलं गेलं होतं. या गुन्ह्यात कुणीही उठून फिर्याद करू शकत नसे, आधी सरकारची मंजुरी लागायची. ती मिळाली आणि सरकारचे ओरिएंटल ट्रान्स्लेटर मिर्झा अब्बास अली बेग यांनी मुंबईच्या चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद दिली. मराठी मजकुराचं सरकारसाठी इंग्रजी भाषांतर करणाऱ्या खात्याचा प्रमुखच इथे फिर्यादी होता.

27 जुलैच्या रात्री टिळक गिरगावात दाजी आबाजी खरे यांच्या घरी होते. तिथेच त्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. जामीन मागितला, नाकारला गेला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तोही त्या टप्प्यावर फेटाळला गेला. मॅजिस्ट्रेटने केस सेशन्सकडे कमिट केल्यावर पुन्हा अर्ज झाला. या वेळी समोर होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

तय्यबजींनी साधा विचार केला. आरोपी खटल्याला हजर राहील याची खात्री करणं हा जामिनाचा हेतू असतो. टिळक पळून जाणारे नाहीत आणि कोठडीत राहून बचावाची तयारी नीट होत नाही. 4 ऑगस्टला त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या बाजूने तेव्हा जे बॅरिस्टर जामिनासाठी झगडले, त्यात एक होते दिनशा दावर. हे नावही लक्षात ठेवा.

या जामिनामुळे टिळकांना खटल्याच्या तयारीला महिनाभर मिळाला. पण त्याने आणखी एक गोष्ट घडवली. सुटून पुण्यात आलेले टिळक आपले स्नेही बाबामहाराज पंडित यांना भेटायला गेले. बाबामहाराज मरणपंथाला लागले होते. त्यांनी मृत्युपत्र केलं, त्यात टिळकांना विश्वस्त नेमलं आणि 7 ऑगस्टला ते गेले. टिळकांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब चाललेली कोर्टबाजी या एका सहीतून निघाली.

राजद्रोहाचा खटला 8 सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे उभा राहिला. नऊ ज्युरर. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. 14 सप्टेंबरला 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. सोबत आरोपी असलेले छापखान्याचे केशव महादेव बाळ मात्र सुटले.

तिसरं दार : कोर्टानेच दुसऱ्या कोर्टाकडे पाठवलेला माणूस, 1902

बाबामहाराजांच्या मागे त्यांच्या पत्नी ताईमहाराज होत्या. वारस हवा म्हणून 1901 मध्ये विश्वस्तांनी औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तकविधान केलं. पुढे ताईमहाराजांनी हे दत्तक नाकारलं, दुसरा मुलगा पसंत केला आणि टिळकांकडे असलेला मृत्युपत्राचा प्रोबेट रद्द करा असा अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे केला.

म्हणजे प्रकरण निव्वळ दिवाणी होतं. इस्टेट कुणाची आणि दत्तक खरं की खोटं, एवढाच वाद.

पण 3 एप्रिल 1902 ला न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी प्रोबेट तर रद्द केलाच, वर टिळकांनी खोटी साक्ष दिली, खोटा पुरावा तयार केला असे आरोप ठेवून त्यांना फौजदारी कारवाईसाठी मॅजिस्ट्रेटकडे पाठवलं. फिर्यादी कुणी माणूस नव्हता, फिर्याद एका कोर्टाची होती. संहितेच्या कलम 476 मध्ये कोर्टाला तशी मुभा होती. आपल्यासमोर कुणी शपथेवर खोटं बोललं असं न्यायाधीशाला वाटलं, तर तो ते प्रकरण थेट मॅजिस्ट्रेटकडे धाडू शकायचा. अशी तरतूद आजही कायद्यात आहे.

या वेळी केस हायकोर्टाच्या सेशन्सला गेली नाही. स्पेशल मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनीच ती चालवली. ऑगस्ट 1903 मध्ये त्यांनी 18 महिन्यांची सक्तमजुरी आणि 1000 रुपये दंड सुनावला. सेशन्स जज लुकस यांनी अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला.

आता जरा विचार करा. राजद्रोहात शिक्षा झाली तर लोक देशभक्त म्हणतात. खोटी साक्ष आणि बनावट पुराव्यात शिक्षा झाली तर काय म्हणतील? टिळकांसाठी ही केस तुरुंगाच्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण इथे त्यांचा शब्द पणाला लागला होता.

4 मार्च 1904 ला मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी टिळकांना निर्दोष सोडलं. अ‍ॅस्टनच्या आदेशापासून या निकालापर्यंत 23 महिने गेले होते. दत्तकाचा दिवाणी वाद तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1915 मध्ये टिळकांच्या बाजूने निकाल लागला.

तेच दार पुन्हा, पण जामीन नाही, 1908

30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. 'केसरी'ने मे-जूनमध्ये त्यावर अग्रलेख लिहिले. 24 जूनला मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळकांना अटक झाली. 25 तारखेला ते चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटसमोर उभे होते. जामीन नाकारला गेला. पुण्यातल्या घराची झडती झाली आणि स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावं लिहिलेलं एक कार्ड सापडलं, ते पुढे पुरावा म्हणून वापरलं गेलं. 29 जूनला मॅजिस्ट्रेटने केस सेशन्सकडे कमिट केली. सगळं मिळून पाच दिवस.

2 जुलैला हायकोर्टात जामिनाचा अर्ज आला. टिळकांच्या बाजूने उभे होते तिशीतले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. न्यायाधीशाच्या खुर्चीत होते दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकिली केली होती, तेच. त्यांनी जामीन नाकारला.

आरोप पुन्हा राजद्रोहाचाच होता, आरोपीही तोच. 1897 मध्ये मिळालेला महिना या वेळी मिळाला नाही. 13 जुलैला खटला उभा राहिला आणि टिळकांनी तयारी केली ती तुरुंगात बसून. त्यांनी स्वतःच बाजू मांडली, 21 तासांहून जास्त वेळ ते बोलले. 22 जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. सात युरोपियन एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या बाजूला. सहा वर्षं काळं पाणी आणि 1000 रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं.

चौथं दार : गुन्हाच नाही, तरी कोर्ट, 1916

मंडालेहून टिळक 1914 मध्ये परतले. एप्रिल 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. काका बॅप्टिस्टांचं घराणं मूळचं उत्तनचं, म्हणजे वसईच्या खाडीपलीकडच्या किनाऱ्यावरचं. वसईपासून मुंबईपर्यंत पसरलेल्या ईस्ट इंडियन समाजातला हा माणूस टिळकांचा जवळचा सहकारी आणि कायद्यातला सल्लागार होता.

टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगरला भाषणं दिली. सरकारला ती खुपली. पण राजद्रोहाचा खटला भरायचा म्हणजे पुन्हा हायकोर्ट, ज्युरी आणि लोकांचा उठाव. मग सरकारने वेगळाच रस्ता शोधला.

23 जुलै 1916 ला टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली. पुण्यात समारंभ होता, लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली. त्याच वेळी पोलीस अधिकाऱ्याच्या हातून नोटीस आली. कलम 108 खाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, याचं कारण दाखवा.

या कारवाईत तुम्ही गुन्हा केला असं म्हणायचीच गरज नसते. पुढे गडबड कराल असं वाटतं, एवढं पुरतं. ज्युरी नसते आणि सुनावणी मॅजिस्ट्रेटच करतो. पुण्यात तो होता जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने अर्ज करायचा आणि सरकारी अधिकाऱ्यानेच निकाल द्यायचा. ऑगस्टमध्ये आदेश निघाला : 20 हजारांचा स्वतःचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, एका वर्षासाठी.

थोडक्यात, टिळकांनी वर्षभर तोंड बंद ठेवावं असा हा बंदोबस्त होता. जिना आणि बॅप्टिस्टांसह वकिलांची फळी हायकोर्टात गेली. 9 नोव्हेंबर 1916 ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी हा आदेश रद्द केला. भाषणं तुकड्यातुकड्याने न वाचता एकसंध वाचली पाहिजेत, असा त्यांचा रोख होता. होमरूलची मागणी करणं हा राजद्रोह होत नाही हे लोकांना कळलं आणि लीगचं काम जोरात सुरू झालं.

आज ही दारं कुठे आहेत?

समजा, आज विरारमध्ये कुणाला अटक झाली. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, म्हणजे साधारणपणे वसईच्या कोर्टात. हा हक्क आता राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण केसची पहिली पायरी बदलली नाही.

* पोलिसांकडे एफआयआर नोंदवता येतो, नव्या संहितेत त्याचं कलम 173 आहे.
* थेट मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्याद करता येते, बर्व्यांनी केली होती तशी.
* कोर्टासमोर खोटी साक्ष दिली तर ते कोर्ट स्वतः तक्रार पाठवू शकतं, अ‍ॅस्टनने केलं तसं.
* चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याची तरतूदही टिकून आहे, बोलीभाषेत तिला 'चॅप्टर केस' म्हणतात.

मॅजिस्ट्रेटने आधी लांबलचक चौकशी करून मगच केस कमिट करायची, ही पद्धत 1973 च्या संहितेने बंद केली. आता सेशन्सची केस असली की मॅजिस्ट्रेट कागदपत्रं आरोपीला देऊन ती वर पाठवतो. इंग्लंडनेही 2013 मध्ये कमिटलची जुनी सुनावणी पूर्णपणे थांबवली, पण केस सुरू होते ती अजूनही मॅजिस्ट्रेटकडेच.

मामलेदार आणि कलेक्टरने गुन्ह्याचे खटले चालवण्याचा काळही गेला. न्याय आणि कारभार वेगळे ठेवा असं घटनेचं कलम 50 सांगतं आणि 1974 पासून लागू झालेल्या संहितेने ते देशभर पक्कं केलं. चॅप्टर केस मात्र आजही कार्यकारी मॅजिस्ट्रेटकडे जाते. आयुक्तालय असलेल्या शहरांत हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांनाच दिले जातात. मीरा-भाईंदर, वसई-विरारला ऑक्टोबर 2020 पासून असं आयुक्तालय आहे. टिळकांना 1916 मध्ये पडलेला प्रश्न, म्हणजे अर्ज करणारा आणि निकाल देणारा एकाच घरचा असावा का, हा त्यामुळे अजून जुना झालेला नाही.

1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले ते सरदारगृहात. 1908 मध्ये त्यांना जिथे अटक झाली होती, तीच ही इमारत. मुंबई हायकोर्टाच्या ज्या दालनात त्यांना शिक्षा झाली, तिथे 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या स्मरणाची पाटी बसवली गेली, ती आजही बघायला मिळते.

पण टिळकांच्या प्रत्येक केसची दिशा ठरली ती त्याआधी, खालच्या कोर्टातल्या पहिल्या काही दिवसांत. जामीन मिळाला की नाही, केस कमिट झाली की नाही, नोटीस कुणी काढली आणि ऐकली कुणी. वसईच्या कोर्टाच्या आवारात आज तारखेची वाट बघत बसलेल्या माणसाचंही बरंचसं याच गोष्टींवर ठरत असतं.